प्रभू, आज काय नेसू?

हे प्रभू, रोजची भाकर तुझ्याकडे मागायला तू आम्हाला शिकवलेस. आज मी वस्त्राविषयी बोलायला आले आहे. वस्त्र मागायला नाही. ते तू दिले आहेस, कपाटाचे दार नीट लागत नाही इतके दिले आहेस. त्यातले काय अंगावर घालावे, काय देऊन टाकावे, बाजारात गेल्यावर कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे तुझ्या मनासारखे व्हावे, एवढ्यासाठी आले आहे.

हा विषय तुला क्षुल्लक वाटणार नाही, याची मला खात्री आहे. आदाम आणि हव्वा अंजिराची पाने जोडून झाडांआड लपली, तेव्हा त्यांना बागेबाहेर काढण्याआधी तू स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे केलीस आणि त्यांना घातलीस. शिक्षा सुनावून झाली होती. तरी त्यांना उघडे पाठवायला तुझे मन धजले नाही. आणि प्रभू येशू, तू आमच्यात जन्मलास तेव्हा मरियेने तुला बाळंत्यात गुंडाळले. रक्तस्रावाने बारा वर्षे खंगलेल्या बाईने गर्दीतून हात घालून तुझ्या वस्त्राच्या काठाला स्पर्श केला. वधस्तंभाजवळ शिपायांनी तुझे कपडे वाटून घेतले आणि वरपासून खालपर्यंत सलग विणलेल्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चारचौघांत अंगावरचे वस्त्र ओढून घेतले जाणे काय असते, ते तू सोसले आहेस. म्हणून हे तुझ्याशी बोलता येते.

आधी तुझे आभार मानते. नागपूरचा मे महिना तू पाहतोसच. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, सीताबर्डीच्या रस्त्यावर भर दुपारी डांबर चपलेला चिकटते, कूलरमध्ये घातलेले पाणी तासाभरात संपते. मुली स्कूटीवर निघताना दुपट्टा डोक्याभोवती आणि तोंडाभोवती असा गुंडाळतात, की डोळे तेवढे दिसतात. अशा दिवसांत अंगाला लागणाऱ्या मऊ सुताचे मोल इथे कुणाला सांगावे लागत नाही. घाम टिपणाऱ्या त्या सुताबद्दल, रात्री धुऊन टाकली की पहाटेपर्यंत खडखडीत वाळणाऱ्या साडीबद्दल तुझे आभार. रंगांबद्दलही आभार. रानातली फुले शलमोनाहून सुंदर सजलेली असतात असे तू म्हणालास, तेव्हा तुला रंग आवडतात हे आम्हाला कळले. मला मोरपंखी रंग आवडतो. त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही, आणि तुलाही वाटत नसावे.

प्रभू, पेहरावाचा विषय निघाला की आमच्या मंडळ्यांत नजर आधी मुलींकडे वळते. बाही केवढी, गळा केवढा, जीन्स चालेल का, प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी आहे का. पौलाने तीमथ्याला लिहिलेले पत्र पुढे केले जाते, पेत्राचेही. ती पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. तिथे मर्यादेची गोष्ट आहेच. आणि तिच्या बरोबरीने सोने आहे, मोती आहेत, भारी किमतीची वस्त्रे आहेत. बाहीवर तासभर बोलणारे साडीच्या किमतीपाशी आले की थांबतात. ज्या बहिणीच्या अंगावर आठ तोळे सोने आहे, तिला बाजूला घेऊन कुणी काही सांगत नाही. बिनबाह्यांचा कुर्ता घालून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला मात्र दारातच सांगितले जाते, आणि पुढच्या रविवारी ती येत नाही. तरुणांच्या सभेत वचन सांगायला उभे राहणाऱ्यांना ती दोन्ही पत्रे अखेरपर्यंत वाचण्याची बुद्धी दे.

मला मर्यादा नको आहे असे नाही. माझ्यात ती हवी आहे, माझ्या मुलीतही हवी आहे. पण ती भीतीतून आलेली नको. तू डोंगरावर बोललास तेव्हा वाईट नजरेचा दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यावर ठेवलास. डोळा अडखळवत असेल तर तो उपटून टाक, इतके कठोर बोललास. कुणी काय घालावे याबद्दल तिथे चकार शब्द काढला नाहीस. आमच्या मुलग्यांना हे लहानपणीच शिकव. बसमध्ये, कॉलेजच्या गेटवर, फोनच्या पडद्यावर त्यांचे डोळे सांभाळ. आणि आमच्या मुली आरशासमोर उभ्या राहतील तेव्हा, आपण तुझ्या हातच्या आहोत, तुला आवडलेल्या आहोत, ही जाणीव त्यांना आधी होऊ दे. कपडे त्यानंतर त्या आपापल्या निवडतील, आणि चांगले निवडतील.

नागपूरच्या सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे. मी प्रोटेस्टंट घरात वाढले. आमच्याकडे संतांची नावे फारशी घेतली जात नाहीत. तरी या संताबद्दल तुझे आभार मानायला मला संकोच वाटत नाही. जिनिव्हाचा हा बिशप चारशे वर्षांपूर्वी संसारी माणसांसाठी भक्तीचे पुस्तक लिहायला बसला आणि त्याने त्यात कपड्यांना अख्खे प्रकरण दिले. 1609 सालचे ते पुस्तक आहे. मठात न राहणाऱ्या, लग्नाकार्यांत वावरणाऱ्या, बाजारात जाणाऱ्या माणसाने काय घालावे, या प्रश्नाला त्याने हसून टाळले नाही. कपडे स्वच्छ असावेत, फाटके आणि लोंबते नसावेत, असे तो सांगतो. वय पाहावे, प्रसंग पाहावा, सोबत कोण आहे ते पाहावे. सणाला सणासारखे सजावे, प्रायश्चित्तकाळात साधे राहावे, लग्नात लग्नासारखे आणि मयतीत मयतीसारखे जावे. भक्ती करणारी माणसे चारचौघांत नीटनेटकेपणात पहिली असावीत आणि मिरवण्यात शेवटची, अशी त्याची इच्छा होती. किती शहाणपणाचे आहे हे! गबाळेपणाला भक्ती समजणारे लोक त्याच्याही काळात असतील.

म्हणून प्रभू, माझ्या तुटलेल्या बटणांची मला वेळेवर आठवण दे. शाळेत शिकवायला उभी राहते तेव्हा पहिल्या बाकावरची मुले माझ्या साडीची निरी आणि पदराची पिनसुद्धा पाहत असतात. त्यांच्यासमोर नीट उभे राहणे हा त्यांचा मान आहे. तो मान त्यांना मिळू दे.

आणि आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भाऊंना सांभाळ. कडुनिंबाखाली त्यांचा ठेला आहे. निखाऱ्यांनी भरलेली ती लोखंडी इस्त्री उचलायला दोन्ही हात लागतील असे वाटते, पण ते एका हाताने ती पदरावरून अशी फिरवतात की जरीचा एक धागा करपत नाही. आधी पाणी शिंपडतात, तळहाताने सुरकुती सरळ करतात, मग काठ, मग अंग, मग घडी. मे महिन्याच्या दुपारी, वर ऊन आणि हाताखाली विस्तव. त्यांचा स्वतःचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो. रविवारी उपासनेला जाताना माझ्या साडीला जी कडक घडी असते, ती त्यांच्या घामाची आहे. त्यांचे हात आणि डोळे शाबूत राहू दे. त्यांचे पैसे मी दर वेळी हातोहात द्यावे, महिन्याच्या हिशेबावर ढकलू नये. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी तुझ्या कानापर्यंत ओरडत जाते, असे लिहिले आहे.

त्याच पत्रात ती गोष्ट आहे. सभेत दोन माणसे येतात. एकाच्या हातात सोन्याची अंगठी आणि अंगावर झगझगीत वस्त्रे, दुसऱ्याच्या अंगावर मळकी. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांजवळ बसायला सांगितले जाते. प्रभू, हे आमच्याच शहरासाठी लिहिले आहे असे मला वाटते. 29 नोव्हेंबर 1970 ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी जन्मली. त्यांच्यात कुणाचे पाळक पायघोळ झगे घालणारे होते, कुणाचे साध्या कोटात वेदीसमोर उभे राहणारे. इतक्या वर्षांच्या रीती, इतके वेगळे पेहराव, आणि तरी त्यांनी एकमेकांच्या हातून भाकर घेतली. आम्ही त्यांचीच लेकरे आहोत. नाताळाच्या सकाळी आमच्या चर्चमध्ये नव्या कपड्यांची सळसळ असते, अत्तराचा वास असतो, आणि मागच्या बाकावर गेल्या वर्षीच्याच फ्रॉकमध्ये एक मुलगी बसलेली असते. तिच्या आईने फ्रॉकची दुमडलेली पट्टी उसवून तो लांब केला आहे. उसवल्याची रेघ धुऊनही जात नाही. त्या रेघेकडे कुणाचे लक्ष जाऊ नये असे मी मागत नाही. लक्ष जावे, आणि ज्याचे जाईल त्याने उठून त्या मायलेकींना आपल्या शेजारी पुढे बोलवावे, असे मागते.

प्रभू, साधे राहा, साधे घाला, असे आम्ही फार सहज म्हणतो. ते कुणाला म्हणतो, याचे भान मला दे. तुझ्याच लेकरांनी या देशात अंग झाकता यावे म्हणून मार खाल्ला आहे. त्रावणकोरमध्ये नाडार बायकांना छातीवर वस्त्र घ्यायला बंदी होती. वरच्या म्हणवणाऱ्या जातींसमोर उघड्या छातीने उभे राहणे हाच आदर, अशी तिथली रीत. तुझे नाव घेतलेल्या बायकांनी कुडता घालायला सुरुवात केली, तेव्हा बाजारात त्यांचे कपडे फाडले गेले, घरे जाळली गेली. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर 1859 साली राजाच्या आज्ञेने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. मर्यादा हा शब्द तोंडी येईल तेव्हा मला त्या बाया आठवू दे. त्यांनी मर्यादा मागितली होती आणि समाज ती नाकारत होता.

आणि इथे, महाराष्ट्रात? 1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितले, की लुगडे वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे नेसा, जात सांगणारे जडशीळ दागिने काढून टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या मैदानावर लाखो माणसे पांढरी वस्त्रे घालून आली. त्यांनी धम्माची वाट धरली, तुझ्या नावाची नाही. पण तो पांढरा रंग पाहून तुझे मन भरून आले असेल, असे माझ्या मनाला पक्के वाटते. ज्यांच्या आजोबांना नवे कापड अंगावर घालायची चोरी होती, त्यांची नातवंडे आज कोट घालतात, टाय लावतात, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दसऱ्याला दीक्षाभूमीवर येतात. त्यांना साधेपणाचा उपदेश करायला माझी जीभ कधीही वळू नये. आमच्या मंडळीतल्याही कितीतरी घरांचा इतिहास हाच आहे. आजीने मिशनच्या शाळेत पहिल्यांदा पोलके घातले आणि तिला माणसात आल्यासारखे वाटले, हे आम्ही घराघरांत ऐकले आहे.

याच विदर्भात तू जे. सी. कुमारप्पांना आणलेस. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात 1892 साली जन्मलेला हा माणूस, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत शिकलेला, उंची सुटात वावरणारा. 1929 साली तो साबरमतीला गांधीजींना भेटायला गेला आणि त्या सुटातच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला. पुढे त्याने खादी घेतली ती कायमची. 1934 साली वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तो याच माणसाच्या हातांनी उभा राहिला. इथून दोन तासांच्या अंतरावर. तुझ्या शिकवणीवर पुस्तक लिहिणारा हा माणूस तुझी आज्ञा हिशेबाच्या वहीत आणि अंगावरच्या कापडात शोधत होता. मी खर्च केलेला पैसा कुणाच्या घरात जातो, हा त्याचा प्रश्न होता.

कुमारप्पांनी सूट उतरवला, दीक्षाभूमीवर येणाऱ्यांनी चढवला. दोघांचेही बरोबर होते, असे मला मनापासून वाटते. ज्याच्याकडे होते त्याने खाली बसण्यासाठी सोडले; ज्यांच्याकडून हिसकावले होते त्यांनी ताठ उभे राहण्यासाठी घेतले. प्रभू, मी या दोघांपैकी कुणाच्या जागी उभी आहे, हे मला दररोज दाखव. कारण एकच साडी एका घरात मला ताठ उभे करते आणि दुसऱ्या घरात समोरच्या बाईला खाली मान घालायला लावते. काय घालावे याचा नियम मी तुझ्याकडे मागत नाही. मी घराबाहेर पडल्यावर ज्यांना भेटणार आहे, त्यांची तोंडे मला कपाटासमोरच दिसू देत.

आणि जे मला भेटणार नाहीत, त्यांचीही.

कापूस आमच्या दारातला आहे. त्यावर संशोधन करणारी देशाची मोठी संस्था 1976 पासून याच शहरात आहे. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या या शहराने तिच्या भोंग्यावर घड्याळ लावले. आता तिथे मॉल आहे. जिथे कापड विणले जात होते तिथे कपडे विकले जातात, आणि ते कुणी विणले, कुणी शिवले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकाम करणाऱ्यांना आत बोलावले होते. 1,100 हून अधिक माणसे गेली, त्यांत बायाच जास्त. त्यांच्या हातचे कपडे जगभरच्या दुकानांत टांगलेले होते.

पण मला ढाक्यापर्यंत जायची गरज नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तू पाहिलेस. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती. पाठीवर पंप बांधून माणूस ओळीत शिरला की फवारा वरून त्याच्याच तोंडावर यायचा. पंप गळका, पाठीवरचा शर्ट ओला, घामाने आणि विषाने एकत्रच ओला. हातमोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही, असलाच तर खांद्यावरचा दुपट्टा. दिवसभर तोच कपडा अंगावर, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोच कपडा बायकोच्या हाताने धुतला जाणार. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, श्वास लागणे. वीसच्या आसपास माणसे दगावली. प्रभू, आमच्या अंगावर कापड यावे म्हणून राबणाऱ्याच्या अंगावर धड कापड नव्हते. मी हे कितीदा तरी मनात घोळवते आणि पुढे काय मागावे ते मला सुचत नाही. त्यांच्या विधवांना धीर दे, एवढे म्हणून मी सुटू शकत नाही. विष विकणाऱ्यांना, ते विकायची परवानगी देणाऱ्यांना, कापसाचा भाव ठरवणाऱ्यांना तुझ्या न्यायासमोर उभे कर. आणि मला महिन्याला एक नवा ड्रेस स्वस्तात मिळतो तो कुणाच्या जिवावर, हे विचारायची सवय लाव. कमी घ्यावे, टिकेल ते घ्यावे, जमेल तेव्हा इथल्या विणकरांच्या हातचे घ्यावे. उमरेडकडची आणि नागपूरची हातमागाची साडी अजून मिळते. ती घेताना घासाघीस करायला माझे तोंड उघडू नये.

योहान नदीकाठी म्हणाला, की ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ एकही नाही त्याला द्यावा. माझ्याजवळ किती आहेत ते मी मोजायला बसत नाही. तुला ठाऊक आहे. देताना कसे द्यावे, ते मात्र शिकव. विटलेले, बाही उसवलेले, चेन तुटलेले कपडे गाठोड्यात बांधून गरिबांना दिले म्हणणे, हे देणे नव्हे. त्यासाठी बोहारीण आहे, ती स्टीलचा डबा देऊन घेऊन जाईल, आणि तो चोख व्यवहार आहे. यापोमध्ये तबीथा वारली, तेव्हा विधवा बायका रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि कपडे दाखवू लागल्या. तिने आपले जुनेर वाटले नव्हते. मापे घेऊन, बसून, एकेक शिवले होते. प्रत्येकीला आपला अंगरखा ओळखता येत होता. आमच्या महिला संघाच्या शिवणवर्गातल्या बायांना तबीथेचे हात दे. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली येतो आणि रेल्वे स्टेशनबाहेर माणसे वर्तमानपत्र अंथरून झोपतात, तेव्हा आमच्याकडून निघालेली गोधडी आम्ही स्वतः पांघरू शकू अशी असू दे. मदर तेरेसांच्या भगिनींच्या निळ्या काठाच्या साड्या टिटागढला कुष्ठरोगातून उठलेली माणसे विणतात. समाजाने ज्यांचा स्पर्श टाळला, त्यांच्या बोटांनी विणलेले वस्त्र त्या भगिनी रोज अंगाला लावून घेतात. असे काही आम्हालाही सुचव.

आता घरातले. मुलीचे लग्न ठरले आहे, तुझ्या कृपेने. पांढरी साडी की पांढरा गाऊन, यावर दोन आठवडे बोलणे चालले आहे. आमच्या लोकांत नवरी पांढऱ्यात उभी राहते, आणि शेजारपाजारच्या जुन्या बायकांना अजूनही ते पाहून चुकल्यासारखे होते, कारण त्यांच्या डोळ्यांना पांढरे लुगडे म्हणजे वैधव्य. पंडिता रमाबाई तेच पांढरे लुगडे नेसून इंग्लंडला गेल्या, 1883 साली तिथे बाप्तिस्मा घेतला, आणि तुझ्या झाल्या तरी त्यांनी मडमेचा झगा घातला नाही. माझ्या लेकीला मी त्यांची गोष्ट सांगितली आहे. निर्णय तिचा आहे. ती गाऊन भाड्याने घ्यायचा म्हणते, एका दिवसासाठी हजारो रुपये कशाला घालवायचे म्हणते, आणि मला तिचे म्हणणे पटते. तिच्या या सरळ बुद्धीबद्दल तुझे आभार. ती काही घालो, तिचे मन त्या दिवशी आरशात अडकू नये, समोर उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे असावे.

मला जड जाते ते वेगळेच आहे. मुलीच्या सासरकडच्यांची इच्छा आहे, की रिसेप्शनला दोन्हीकडच्या सगळ्या मुलींनी एकाच रंगाचे घागरे घालावेत, पीच रंगाचे, म्हणजे फोटो छान येतील. हौस आहे, तिला मी नावे ठेवत नाही. पण माझ्या चुलत दिराच्या तीन मुली आहेत. तो ऑटो चालवतो. तीन घागरे म्हणजे त्यांच्या शाळेची दोन महिन्यांची फी आहे, आणि तो कर्ज काढून घेईल, कारण नाही म्हणणे त्याला जमणार नाही. किंवा मुलींना ताप आला म्हणून कळवेल आणि येणारच नाही. प्रभू, तुझ्या दृष्टांतातल्या लग्नात एक माणूस लग्नाचे वस्त्र न घालता आला आणि त्याला बाहेर काढले गेले. तो मला नेहमी अस्वस्थ करतो. संत ऑगस्टीनने त्या वस्त्राचा अर्थ प्रीती असा लावला, हे वाचले तेव्हा कुठे मला तो दृष्टांत शांतपणे वाचता आला. आमच्या मांडवात वस्त्रावरून कुणी बाहेर राहायला नको, आणि प्रीतीवाचून कुणी आत यायला नको.

शनिवारी आम्ही गांधीबागेत खरेदीला जाऊ. त्याआधी मला विहीणबाईंना फोन करायचा आहे. त्या मनाने चांगल्या आहेत. त्यांना हे सुचलेच नसेल, कारण त्यांच्या घरी तशी वेळ आलेली नाही. त्यांना बोल लागू नये, आणि माझ्या दिराची अडचणही चारचौघांत उघडी पडू नये, असे बोलायचे आहे. ज्याच्याकडे जे चांगले आहे ते त्याने घालून यावे, रंग कोणताही चालेल, इतकेच सांगायचे आहे. फोन उद्या सकाळी करीन, शाळेत निघण्याआधी. तेवढ्यापुरते शब्द मला दे.

येशूच्या नावाने मागते. आमेन.